चाळणीची वेळ

६ फेब्रुवारी

धाकटे,

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहितात. आज लिहीत नाही, कारण मनात नाहीत.

तुझे फोन येतात ते मला दिसतात. मी मुद्दाम उचलत नाही. रागात मला बोलता येत नाही. घसा दाटतो आणि पलीकडच्याला वाटतं, म्हातारा रडतोय. म्हणून लिहितो आहे.

तुझी ताई जाऊन महिना झाला. काल तिचं औषधांचं कपाट रिकामं केलं, मग स्वयंपाकघर आवरायला घेतलं. खिळ्याला चाळणी लटकत होती. ती हातात घेतल्यावर तुझी आठवण झाली, आणि ती चांगली नव्हती.

मागच्या मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, घशाचे स्नायू आता साथ देणार नाहीत, जे द्याल ते लोण्यासारखं करून द्या, एक कण राहता कामा नये. त्याच दिवशी तू फोनवर म्हणालीस, "भाऊजी, आमच्या दुकानात छोटा चॉपर आलाय, ब्लेंडरही त्यातच आहे. तिच्या एका वेळच्या जेवणापुरतं भांडं. मी पाठवते." फोनचा आवाज मोठा ठेवला होता. तुझ्या ताईने ऐकलं, मी ऐकलं. यंत्र आलं नाही.

आमचा मिक्सर तेव्हा जळालेला होता. मी म्हणालो, बाजारातून छोटा घेऊन येतो. ती म्हणाली, "धाकटी पाठवणार आहे ना, दोन कशाला?" वाट पाहिली. पुन्हा म्हणालो, धाकटी विसरलेली दिसते. ती म्हणाली, "असेल तिच्या मागे काम. आणि मला चाळणीचंच बरं लागतं." तुला झाकायला तिने असं म्हटलं, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. कुणाकडे काही मागायचा माझा स्वभाव नाही. म्हणून मी गप्प बसलो आणि चाळणी घेऊन बसलो.

गाजर, भोपळा, बटाटा, सफरचंद. उकडायचं, चाळणीवर घ्यायचं, वाटीच्या बुडाने घासायचं. जे खाली पडेल तेच तिचं. दोन्ही वेळा. खाली पडेपर्यंत ते गार व्हायचं आणि ती दमून जायची. निम्मं वाटीत राहायचं. तिचं मनगट किती बारीक झालं होतं ते तू शेवटी आलीस तेव्हा पाहिलंस. तेव्हा रडलीस. ते यंत्र पाठवलं असतंस तर रडायची वेळ आली नसती, असं माझं मत आहे.

त्यात खालच्या मजल्यावरची टेलरबाई. संध्याकाळी ऐन जेवणाच्या वेळी तिच्याकडे कसलं तरी यंत्र सुरू व्हायचं. शिलाई मशीनचा आवाज मी ओळखतो, हा तो नव्हे. हे किंचाळायचं. एकदा तिला सुनावायला उठलो, तर तुझ्या ताईने बाही धरून बसवलं. "बसा हो. चालू दे तिचं."

मार्चमध्ये येऊन ताईचे कपडे लावून देईन, असं तू म्हणाली होतीस. येऊ नकोस. माझं मी लावीन.

तुझ्या ताईचा नवरा


१३ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. माझ्या मनात आहे म्हणून लिहिलाय.

तुमचं पत्र दुकानात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. नंतर संध्याकाळपर्यंत लोकांना काकडी चिरून दाखवायची होती. हसून. दुकान मला त्याचाच पगार देतं. त्या दिवशी एका बाईंनी विचारलं, "हात कापतात का हो याने?" मी म्हटलं, "हात नाही कापत, बाकी सगळं कापतं." त्यांनी घेतला नाही.

यंत्र मी पाठवलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, कुरियरने, माझ्या हाताने खोकं बांधून. पोच माझ्याकडे आहे. सही तुमच्या टेलरबाईंची आहे, कारण तुम्ही सकाळचे फिरायला गेला होतात आणि ताईला जिना उतरवत नव्हता. मी विसरले की नाही हे कळायला तुम्हाला एक मजला उतरावा लागेल. तेवढं करा आणि मग मला काय ते लिहा.

आणि मागायचा स्वभाव नाही म्हणता, त्याचं कौतुक मला सांगू नका. मागायला तोंड उघडावं लागतं. मी तुमच्याकडे सुट्टीत येऊन राहायचे तेव्हाची तुमची वाक्यं आठवते आहे. "पंखा लहान कर." "पेपर कुणी घेतला?" "झालं का?" बस्स. त्यातलं "झालं का?" कशाबद्दल आहे, हे ताईने ओळखायचं. इतकी वर्षं ती ओळखत आली. मी असते तर पंखा मोठाच ठेवला असता.

ताईच्या मनगटाचं लिहिलंत. मलाही ते दिसतं. गिऱ्हाइकाला चॉपर हातात देताना दिसतं. ती उपाशी राहिली याचा हिशोब तुम्ही माझ्या नावावर मांडलात. तुमच्या नावावर काय मांडायचं ते मी अजून लिहिलेलं नाही. लिहायला लावू नका.

कपडे तुमच्या एकट्याचे नाहीत. ती तुमची बायको व्हायच्या आधी माझी ताई होती. मी येणार. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही बघा.

तुमच्या बायकोची बहीण
(तेही नको असेल तर नुसती चॉपरवाली)


२१ फेब्रुवारी

धाकटे,

खाली गेलो होतो.

टेलरबाईचं दार उघडंच असतं. ती कुणाचा तरी कोट उसवत होती. मी विचारलं, "जूनमध्ये आमचं पार्सल तुमच्याकडे आलं होतं का?"

तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि एकेक करून उशीत टोचल्या. मग म्हणाली, "साहेब, बसा."

"बसायला आलो नाही."

"मग उभ्याने ऐका. आलं होतं. मी वर नेऊन वहिनींच्या हातात दिलं. त्यांनी उघडलं, एकेक भाग काढून बघितला, परत खोक्यात घातला. म्हणाल्या, हे तुमच्याकडे ठेवा. मी म्हटलं, किती दिवस? म्हणाल्या, मी आहे तोवर."

"आणि तुम्ही ठेवलंत."

"नुसतं ठेवून काय करू? त्याच म्हणाल्या, वापरा, पडून राहिलं की बिघडतं. संध्याकाळी कांदा-टोमॅटो काढते मी त्यात."

तिने पडदा सरकवला. मागे ओट्यावर ते उभं होतं. तेव्हा मला कळलं. इतके महिने जे किंचाळणं मी ऐकत होतो, ज्याच्यावर दात-ओठ खात होतो, ते आमच्याच घरचं यंत्र होतं. माझ्या पायांखाली, ऐन तिच्या जेवणाच्या वेळी, परक्या बाईचा कांदा चिरत होतं. आणि तुझी ताई वर बसून ते ऐकत होती आणि मला म्हणत होती, चालू दे तिचं.

मी विचारलं, "मला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"वहिनींनी नको म्हटलं होतं. आणि तुम्ही कधी विचारलंत? जिन्यात भेटलात की मान हलवता. मानेला काय सांगू मी?"

यंत्र उचलून वर आणलं. तिने अडवलं नाही. फक्त "पातं जपा" एवढं म्हणाली.

मग मी ते तपासलं. आयुष्यभर माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे, न तपासता मत देत नाही. गाजरं उकडली. काचेचं भांडं भरलं, झाकण ठेवलं, मोटर टोपीसारखी वर बसवली आणि दाबलं. चालेना. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की झाकण खटका लागेपर्यंत फिरवावं लागतं. मग दाबून धरलं, मोटर तापेपर्यंत. खालचा थर चिखल, वरचे तुकडे जसेच्या तसे. चाळणीवर ओतलं. ही चाळणी माती चाळायच्या बारीक जाळीची, तिच्यासाठी नवी मागवलेली. निम्मं वरच राहिलं. हे तू तिच्या घशात घालायला पाठवलं होतंस. यंत्र निकामी आहे. तिने बाजूला ठेवलं ते बरंच केलं, असं आता वाटतं.

आणखी एक. आपण पाठवलेली वस्तू पोचली नाही असं कळलं, की माणूस आधी विचारतो, "मग गेली कुठे?" तू ते विचारलं नाहीस. मला सरळ खाली पाठवलंस. म्हणजे तुला ठाऊक होतं. कधीपासून?

यंत्र खाली आहे हे तुम्हा तिघींना माहीत होतं. मीच काय तो वर चाळणी घासत होतो.


२७ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार.

निकामी यंत्र नाही. निकामी त्याच्यावर बसलेला माणूस आहे. हे मी गिऱ्हाइकांना म्हणू शकत नाही, तुम्हाला म्हणते.

भांडं काठोकाठ भरलंत. कुणी सांगितलं? निम्म्याच्या वर भरायचं नसतं, पात्याला तुकडे फिरवायला जागा लागते. गाजरं अख्खी टाकलीत ना? नखाएवढे तुकडे करायचे. त्यात दोन चमचे कोमट पाणी, उकडायला वापरलेलंच. आणि बटण दाबून धरायचं नसतं. दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. सोडलं की वरचे तुकडे खाली बसतात, मग पुन्हा दाबायचं. तुम्ही दाबूनच धरणार. एकदा गप्प बसलात की गप्पच, एकदा दाबलंत की दाबूनच. मधे सोडायचं असतं हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही. पातं दोन मजल्यांचं आहे, वरचा मजला नीट बसला नसेल तर फक्त खालचं कापलं जातं. तेही बघा. टेलरबाई शिवणकामातून वेळ काढून शिकली. तुम्ही तर प्रयोगशाळेतले.

आणि त्या मातीच्या चाळणीवर माझं यंत्र पास-नापास करताय, याचंही मला हसू येतं. हो, नवी मागवली होतीत, मातीला लागलेली नव्हती, हे तुम्ही आता लिहाल. माहीत आहे.

तुम्ही विचारलंत, कधीपासून. ऑक्टोबरपासून. तोवर मी समजत होते की वापरताय. फोनवर ताईला विचारलं की म्हणायची, "छान आहे गं, आवाज जरा मोठा आहे." त्यात खोटं काही नव्हतं म्हणा. ऑक्टोबरमध्ये मी विचारलं, मोटर जड चालत नाही ना, मी दुसरी बदलून देते. तेव्हा तिने सांगितलं की ते खाली आहे. मी भांडले तिच्याशी. फोनवर ओरडले. दुकानातल्या पोरी वळून बघायला लागल्या. मी म्हटलं, मी आत्ता भाऊजींना सांगते. तर म्हणाली, "सांगितलंस तर तुझा फोन घेणार नाही." ताई कधी असं बोलायची नाही. म्हणून मी गप्प राहिले.

का, ते मला तिने सांगितलं होतं. ते मी लिहिणार नाही. वाचून तुम्हाला बरं वाटणार नाही, आणि तुम्हाला बरं वाटू नये इतका राग अजून मला आलेला नाही.

आधी यंत्र नीट चालवून बघा.

धाकटी


५ मार्च

धाकटे,

तू लिहिलंस तसं केलं. वरचा मजला खरंच नीट बसलेला नव्हता. बसवला. भोपळा उकडला, नखाएवढे तुकडे, निम्मं भांडं, दोन चमचे पाणी. दाबलं, सोडलं. दाबलं, सोडलं. मी चमचा शोधेपर्यंत झालंसुद्धा.

सगळं चाळणीवर ओतलं. चाळणी हलवलीदेखील नाही. आपोआप खाली गेलं. वर काही राहिलं नाही. मी बोट फिरवून पाहिलं, भिंगातून पाहिलं. एक धागा नाही. खालची वाटी हातात घेतली तर चटका बसला. इतकं गरम होतं ते.

तिने गरम काही खाऊन किती दिवस झाले होते, याचा विचार कर. मी केला. वाटी मोरीत फेकली. फुटली नाही, स्टीलची होती. चेपली आहे.

आता तुझं "का". तू लिहिणार नाहीस म्हणतेस. लिहू नकोस. ते शोधायला मला फार अक्कल लागली नाही. ज्या बाईला गिळवत नाही, जिच्यासाठी घरात यंत्र येतं, आणि ती ते उघडून बघते, परत खोक्यात घालते, "मी आहे तोवर" तुमच्याकडे ठेवा म्हणते, तिला काय हवं होतं ते उघड आहे. तिला जगायचं नव्हतं. कमी खाता यावं, गार म्हणून निम्मं टाकता यावं, आणि लवकर सुटावं. मला सांगितलं असतं तर मी होऊ दिलं नसतं. म्हणून मला वगळून तुम्हाला दोघींना सांगितलं. एकीने यंत्र लपवलं, दुसरीने तोंड मिटलं. आणि मी मूर्ख रोज समोर बसून "आणखी एक चमचा, आणखी एक" करत होतो.

टेलरबाईशी मी आता जिन्यात मानही हलवत नाही. तुलाही हे शेवटचं पत्र. तू दुकानात लोकांना काकडी चिरून दाखव. तुझ्या बहिणीला उपाशी मरायला मदत केलीस, हे मात्र गिऱ्हाइकांना सांगू नकोस. विक्री होणार नाही.

तिचे कपडे मी खोक्यांत भरले आहेत. घेऊन जायला कुणाला पाठवायचं ते ठरव. स्वतः येऊ नकोस.


११ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून मी दुकानातून सरळ घरी आले. चप्पल न काढता लिहायला बसले आहे.

तुम्ही जे लिहिलंय ते ताईच्या नावावर लावून ठेवू नका. माझ्याबद्दल काय वाटेल ते म्हणा. ताईला जगायचं नव्हतं, असं पुन्हा मनातसुद्धा म्हणू नका. तिला दिलेला शब्द मोडू नये म्हणून मी इतके दिवस गप्प होते. आता मोडते.

ऑक्टोबरमधल्या त्या फोनवर मी तिला विचारलं, अगं तू वेडी आहेस का, गार-गार खातेस, दमतेस, ते यंत्र वर आण. ती म्हणाली, आणि मी तिचेच शब्द लिहिते, "यंत्र आणलं की दोन मिनिटांत होईल. मग हे वाटी समोर ठेवतील आणि पेपर घेऊन बाहेर जातील. चाळणी घासायला लागले की हे बोलतात गं. हात गुंतले की यांचं तोंड सुटतं. इतकी वर्षं मला हे माहीतच नव्हतं."

मी म्हटलं, मग सांग ना त्यांना, बसा माझ्याजवळ आणि बोला. तर म्हणाली, "सांगितलं तर बसतील. बोलणार नाहीत."

तुम्हीच सांगा यात काय खोटं आहे. मला याचाच राग आहे तुमचा. यंत्राचा नाही. माझ्या ताईला तुमच्या तोंडून चार गोष्टी ऐकायला आजारी पडावं लागलं, आणि गार भोपळा खावा लागला. आणि तिला तो सौदा परवडला. रोज दुपारी फोनवर मला सांगायची. आज यांनी प्रयोगशाळेतल्या मोठ्या साहेबांचं सांगितलं. साहेबांनी कॉफीत साखर समजून पांढऱ्या वाळूचा नमुना घातला, आणि समोर पाहुणे होते म्हणून शेवटपर्यंत प्यायले, कपाच्या तळाशी बोटभर थर. मी ते ऐकून इतकी हसले. तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत. कुणालाच नाही. ताई म्हणायची, "हे शेवट अडवून धरतात, मी घास गिळेपर्यंत. गिळला की सांगतात. शेवटासाठी मी गिळते." ऐकताय? शेवटासाठी ती गिळत होती. ज्याला जगायचं नसतं तो असं करतो का?

मला वाटलं होतं ती चूक करते आहे. अजूनही वाटतं. ती चूक तिची होती आणि तिला ती हवी होती. डॉक्टरांनीही सांगितलं, छातीत संसर्ग झाला, आजार पुढे सरकला होता, खाण्याचा संबंध नाही. तुम्ही तेव्हा भिंतीकडे बघत होतात, म्हणून परत लिहिते.

शेवटचा फोन तिने दवाखान्यातून केला. आवाज नव्हताच. नर्सने फोन कानाशी धरला होता. म्हणाली, "काल घरी यांनी खड्ड्याची गोष्ट सुरू केली. मोठे साहेब नमुना कसा घ्यायचा ते दाखवायला स्वतः खड्ड्यात उतरले. आणि चौकीदाराने शिडी काढून नेली, झाडावरचं मांजर उतरवायला. साहेब आत, शिडी झाडाला. ओरडावं तर अब्रू जाते." मी विचारलं, मग? म्हणाली, "मग काय ते उद्या सांगतील. काल माझा शेवटचा घास राहिला."

कपडे ठेवा नाहीतर वाटून टाका. मला नकोत. पण साहेब खड्ड्यातून कसे आले, एवढं मला हवं आहे. ते तुमच्या एकट्याचं नाही.

धाकटी


१९ मार्च

धाकटे,

राग गेलेला नाही. फक्त कुणावर काढायचा ते आता कळेनासं झालं आहे. तुझ्यावर काढून झाला. टेलरबाईवर काढून झाला. उरली ती, आणि तिच्यावर काढायचा तर ती समोर नाही. इतके महिने गार खाल्लंस, मला एका शब्दाने सांगितलं नाहीस, हे मला तिला ओरडून म्हणायचं आहे. माझा आवाज कधी चढला नाही. तिच्या देखत एकदा चढायला हवा होता.

"बसतील, बोलणार नाहीत." हे वाचलं तेव्हा तुझं पत्र फाडणार होतो. फाडलं नाही, कारण तसंच झालं असतं.

तरी मी तपासून पाहिलं. न तपासता मान्य करणं मला जमत नाही. काल संध्याकाळी यंत्रात भोपळा केला. दोन मिनिटं. वाटी टेबलावर ठेवली, तिच्या खुर्चीसमोर मी नेहमी बसायचो तिथे बसलो. म्हटलं, आता बोल. वाटीतून वाफ येत होती. हातांना काही काम नव्हतं. मी पेपर कुठे आहे ते बघायला लागलो. पेपर नव्हता, तरी बघत होतो.

मग खिळ्यावरची चाळणी काढली. गाजरं उकडली आणि घासायला घेतली. वाटी चेपलेली आहे, त्यामुळे नीट घासलं जात नाही. थोड्या वेळाने मला माझाच आवाज ऐकू आला. साहेब खड्ड्यात उतरले, इथपासून. चौकीदार, मांजर, शिडी. साहेबांनी खाली उभ्याने आधी घसा खाकरला, मग कुणी आलं का म्हणून वर बघितलं, इथपर्यंत आलो आणि थांबलो. का थांबलो ते लगेच कळलं नाही. सवयीने. समोरची गिळेपर्यंत थांबायची सवय.

पुढचं मला एकट्याला सांगता आलं नाही. चाळणी धुऊन खिळ्याला लावली.

आज यंत्र खाली नेऊन दिलं. टेलरबाई म्हणाली, "साहेब, तुम्हालाच लागेल की." मी म्हणालो, "मला नको. तुम्ही कांदा काढा." ती म्हणाली, "आवाज होतो." मी म्हणालो, "होऊ दे." मग मी जरा वेळ बसलो. तिने चहा विचारला. मी हो म्हणालो. कोटाचं अस्तर कसं उसवतात ते तिने दाखवलं. मी फार बोललो नाही, पण मानेने उत्तरं दिली नाहीत.

खड्ड्याचा शेवट मी पत्रात लिहिणार नाही. तो लिहिण्यासारखा नाही, हात गुंतलेले असताना सांगण्यासारखा आहे. तुला तो हवा असेल तर तुला यावं लागेल. कपड्यांची खोकी दारात आहेत, ती तू आणि मी मिळून लावू. तिचा करडा स्वेटर मी बाहेर काढून ठेवला आहे, तो मात्र माझा.

दुकानातून काही आणू नकोस. गाजरं मी आणून ठेवतो. चाळणी चालू असेपर्यंत तू समोर बसायचं, मधे बोलायचं नाही, आणि घास गिळल्याशिवाय पुढचं विचारायचं नाही.

गार खावं लागेल.

आशीर्वाद,
भाऊजी